मदत हवी आहे: जुन्या सेस्ना १७२एम मध्ये आधी काय बदलावं?

विमान १९७५ चं, सोनेगावला (नागपूर विमानतळ) असतं. अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने हवा ओढून, चालणारा. कार्बन मोनॉक्साइडसाठी फक्त रंग बदलणारं कार्ड. ४०६ मेगाहर्ट्झचा इएलटी (अपघातात संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) अमेरिकेतून विमानासोबतच आलेला. प्रमाणित (कारखान्यात बनलेल्या, मंजुरी असलेल्या) विमानासाठीचं इलेक्ट्रॉनिक उपकरण घरी बांधलेल्या (प्रयोगशील) विमानासाठीच्यापेक्षा बरंच महाग पडतं, म्हणून मोठं काम एकच परवडेल. कुठून सुरुवात करावी?

प्रतिसाद १
आधी कार्बन मोनॉक्साइड, कारण इथे कागदपत्रांचा खर्च जवळपास नाहीच. पॅनलला न जोडलेल्या सुट्या अलार्मला एसटीसी (विमानात बदल करण्याची अधिकृत मंजुरी) लागत नाही. कार्डावर विसंबू नका, ते काही महिन्यांत निकामी होतं आणि आवाजही करत नाही. घरगुती अलार्मही नको: त्याच्या अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) तो १ ते ४ तासांनी वाजतो. ५० पीपीएमला किंवा त्याआधीच वाजणारा घ्या. मे महिन्यात तो कॉकपिटमध्ये सोडून जाऊ नका, नागपूरच्या उन्हात बॅटरी खराब होईल.

अलार्म घेतला तरी मूळ दुखणं मफलरचं (इंजिनाच्या धुराचा सायलेन्सर; हीटर त्याच्याच उष्णतेवर चालतो). डिसेंबरात हीटर लावला की तडा गेलेल्या मफलरचा धूर थेट केबिनमध्ये येतो. तडे हीटरच्या आवरणाखाली लपतात, त्यामुळे आवरण काढायलाच लावा. एक्झॉस्टमध्ये कमी दाबाची हवा सोडून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात.

प्रतिसाद २
मोठा खर्च अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर करा. व्हॅक्यूम तयार करणाऱ्या ड्राय पंपाची कार्बनची पाती अचानक तुटतात, पण इंडिकेटरमधला जायरो (फिरती चकती) हळूहळू मंदावत कलतो. ढगात वैमानिक त्या खोट्या कलामागे वळत जातो, हा खरा धोका.

एसटीसीच्या मंजूर यादीत नुसतं १७२ नको, १७२एम हवं. प्रयोगशील विमानासाठीचं युनिट स्वस्त दिसलं तरी त्याचा पार्ट नंबर वेगळा असतो, कागदावर ते अडकेल. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यता लेखी हातात आल्यावरच ऑर्डर द्या. कोटेशनमध्ये पिटो-स्टॅटिकची (वेग आणि उंची मोजणाऱ्या हवेच्या नळ्या) गळती चाचणी, वजन-संतुलनाची नवी नोंद आणि फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी धरली आहे का ते पाहा. बिल फुगतं ते इथेच. ऑटोपायलट जुन्या जायरोवरून संकेत घेत असेल तर आधी सांगा, गणितच बदलेल.

प्रतिसाद ३
इएलटी नवा घेऊ नका, पण त्यातला देशाचा कोड पाहा. भारताचा ४१९. अमेरिकी कोड राहिला तर संकटाचा संदेश आधी तिकडच्या नोंदीत शोधला जाईल. कोड बदलून बंगळुरूच्या इस्रो केंद्रात नोंदणी करा. अँटेनाची केबलही तपासा, अपघातात अनेकदा तीच तुटते.