अनुभव धागा : विहिरीत पोहायला शिकलेला समुद्राच्या ओढीत सापडला तर

सुट्ट्या लागल्या की मराठवाड्यातून गाड्या भरून लोक गणपतीपुळे, काशीद, हरिहरेश्वर गाठतात. पाण्यातलं ज्यांना कळतं त्यांनी नेमकं लिहा. स्वतःची कहाणी नको, कामाचं तेवढं सांगा.

लातूर :
विहिरीत चार हात मारले की पायरी हाताला लागते. समुद्रात हीच सवय घात करते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी अरुंद पट्ट्यातून आत परततं, तो रिप करंट. जोरात असला तर सेकंदाला २ मीटरच्या वर. त्याच्याशी शर्यतीतला पोहणाराही जिंकत नाही. ही ओढ खाली नेत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो सरळ किनाऱ्याकडं हात मारून दमल्यामुळं. म्हणून आधी पाठीवर पडा. कान पाण्यात, हनुवटी वर, छाती हवेनं भरलेली. एक हात हलवून मदत मागा. दम बसला की किनाऱ्याला समांतर पोहा, जिकडं लाटा फुटतात तिकडं. पट्टा बहुधा १० ते ३० मीटरच रुंद असतो. पुढं सरकता येईना तर बाजू बदला. ओढ सुटली की लाटांसोबत तिरकं बाहेर या.

नांदेड :
ओढ वाळूवरूनच ओळखता येते, फक्त उंचावर उभं राहून दहा मिनिटं बघा. दोन्हीकडं लाटा फुटतात आणि मधल्या गडद पाण्यावरचा फेस आत चाललाय, तीच ती. ‘इथं लाटा नाहीत’ म्हणून लोक लेकरांना नेमकं तिथंच सोडतात, याचंच वाईट वाटतं. खडकाच्या कडेलाही तेच.

पैठण :
समांतरचा नियम गोदावरीला लावू नका. वाहत्या नदीत पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं, तिरकं काठाकडं. जोराच्या पाण्यात उभं राहायचं नाही, दगडांत पाय अडकतो. नाथसागराचे दरवाजे उघडायचा इशारा झाला की पात्रात थांबूच नका.

परभणी :
बुडणाऱ्यामागं उडी टाकू नका, तो गळ्याला मिठी मारतो. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन दोरीला बांधून फेका. तळाशी घोटभर पाणी ठेवलं तर लांब जातो.

बीड :
बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं यात जीव वाचवायची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडानं ५ श्वास, मग छातीवर ३० दाब, २ श्वास, असंच चालू ठेवा. दुसऱ्यानं १०८ लावायचा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, धाप काही तासांनीही लागते.