पिवळी पिसं: गाजराने रंग परत येत नाही

एकाने विचारलंय की त्याच्या हिरव्या लव्हबर्डच्या (छोट्या पोपटाच्या) पंखात पिवळी पिसं आली, काय करू; त्यावर रंग परत यावा म्हणून कुणी गाजर-बीट खाऊ घालायचा सल्ला दिलाय. गाजर खुशाल द्या, पण रंगासाठी नको. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. पोपटवर्गातले पक्षी पिवळं-लाल रंगद्रव्य स्वतःच्या शरीरात तयार करतात.

गंमत म्हणजे त्यांच्या हिरव्या पिसात हिरवा रंग नसतोच. आतल्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश परततो, त्यावर पिवळं रंगद्रव्य, दोन्ही मिळून हिरवं. गळलेलं पीस उजेडासमोर धरून बघा, हिरवेपणा उडून मळकट दिसेल. या निळ्याला मागे मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर लागतो. तो नसला की उरतो पिवळा. ल्युटिनो (जन्मतःच मेलॅनिन नसलेले) पक्षी पिवळेधमक असतात ते यामुळेच.

पूर्ण वाढलेलं पीस नखासारखं निर्जीव असतं. त्यात नवा रंग भरत नाही, फार तर झिजून किंवा तेलकट होऊन काळपट पडतं. खरा बदल पुढच्या पिसगळीतच दिसतो.

बजरी (बजरिगर) जातीच्या छोट्या पोपटाच्या पिल्लाच्या कपाळावरच्या पट्ट्या ३-४ महिन्यांनी जातात, ते नैसर्गिकच. पण मोठा पक्षी नुसत्या राळ्यावर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर असेल आणि नवी पिसं भलत्याच रंगाची येत असतील, तर यकृताची शंका घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा. मेडिकलमधून व्हिटॅमिनचे थेंब आणून पाण्यात टाकत बसू नका.

मूळ प्रश्नकर्त्याने पक्ष्याचं वय आणि रोजचं खाणं लिहिलं तर नेमकं सांगता येईल.