नोटिफिकेशन ४०२चं, उघडते ऑर्डर ४०१

कच्चा_कांदा:
अँड्रॉइड ॲप, कोटलिन, टार्गेट एपीआय ३४. होम, यादी, तपशील अशा तीन ॲक्टिव्हिटी, म्हणजे स्क्रीन. यादीतून तपशील उघडला तर सगळं बरोबर. ४०१ आणि ४०२ अशी दोन ऑर्डरींची नोटिफिकेशन्स आली की मात्र कुठलंही दाबा, ४०१च उघडते. पेंडिंगइंटेंटला (नोटिफिकेशन दाबल्यावर काय उघडायचं ते सांगणारी, सिस्टीमकडे दिलेली चिठ्ठी) अपडेट_करंट हा फ्लॅग जोडला तर उलटं, आता दोन्हीकडे ४०२! रिक्वेस्ट कोड (पेंडिंगइंटेंट बनवताना द्यायचा आकडा) दोन्हीकडे ० आहे. शिवाय तपशिलावरून बॅक केलं की यादी न येता थेट ॲपच्या बाहेर. तपशिलाचा लाँचमोड (स्क्रीन कशी उघडायची ते) सिंगलटॉप आहे, म्हणजे तीच स्क्रीन वर असली तर नवी बनत नाही. सिंगलइन्स्टन्स करून बघू का?

स्टॅकखालचा:
सिंगलइन्स्टन्सला हात लावू नका. त्यात तपशील वेगळ्या टास्कमध्ये (एकावर एक रचलेल्या स्क्रीनच्या थप्पीत) एकटा बसतो, म्हणजे बॅकचा घोळ सुटायच्या ऐवजी पक्का होतो.

दुखणं त्या ०मध्ये आहे. दोन पेंडिंगइंटेंट एकच की वेगळे हे ठरवताना सिस्टीम आतल्या इंटेंटचे (स्क्रीन उघडण्याच्या विनंतीचे) ॲक्शन, डेटा, टाइप, कॅटेगरी, कॉम्पोनंट आणि सोबतचा रिक्वेस्ट कोड बघते. एक्स्ट्रा, म्हणजे इंटेंटला जोडलेली जास्तीची माहिती, बघतच नाही, आणि तुमचा ऑर्डर क्रमांक नेमका तिथे. अपडेट_करंट फ्लॅग नसला की आधीचाच पेंडिंगइंटेंट परत मिळतो. अपडेट_करंट असला की त्याच एकाचे एक्स्ट्रा बदलतात, म्हणून पहिलं नोटिफिकेशनही नवी ऑर्डर दाखवतं. रिक्वेस्ट कोड म्हणून ऑर्डर क्रमांकच द्या. तो इंटमध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) मावत नसेल तर इंटेंटच्या डेटात प्रत्येक ऑर्डरची वेगळी यूआरआय (पत्ता) घाला. अपडेट_करंट आणि इम्युटेबल (दुसऱ्या ॲपला बदलू न देणारा फ्लॅग) दोन्ही ठेवा, एकत्र चालतात.

बॅकचं म्हणाल तर टास्कमध्ये तपशिलाच्या खाली काहीच नाही, म्हणून बाहेर. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) तपशिलाचं पॅरेंटॲक्टिव्हिटीनेम, म्हणजे त्याच्या खालची स्क्रीन, यादी लिहा, यादीचं होम. मग टास्कस्टॅकबिल्डरवर (तो स्क्रीनची थप्पी रचून देतो) ॲडनेक्स्टइंटेंटविथपॅरेंटस्टॅक बोलवा, आणि पेंडिंगइंटेंट त्याच्याकडूनच घ्या.

दुसरी_बाजू:
वरचं बरोबर, पण एक खोच आहे. टास्कस्टॅकबिल्डर पहिल्या इंटेंटला क्लिअर_टास्क लावतो, आणि तो टास्कमधल्या आधीच्या सगळ्या स्क्रीन उडवतो. कोणी पत्ता अर्धा भरून बसलं असेल तर नोटिफिकेशन दाबताच फॉर्म गेला. ते परवडणार नसेल तर बिल्डर सोडा. लाँचमोड सिंगलटॉप आहेच, न्यू_टास्क एवढा फ्लॅग पुरे. क्लिअर_टॉप सवयीने चिकटवू नका, तपशील खाली दडलेला असेल तर त्याच्या वरचा फॉर्म तोही उडवतो.

या वाटेने दोन कामं अंगावर येतात. तपशील आधीच वर उघडा असेल तर ऑनक्रिएट (स्क्रीन नव्याने बनताना चालणारं फंक्शन) येत नाही, ऑनन्यूइंटेंट (असलेल्या स्क्रीनला नवा इंटेंट मिळाल्यावर चालणारं) येतं. तिथे सेटइंटेंट करून स्क्रीन पुन्हा भरा, नाहीतर गेटइंटेंट जुनीच ऑर्डर देत राहील आणि तुम्ही पुन्हा रिक्वेस्ट कोडला शिव्या घालाल. आणि ॲप बंद असताना मागे यादी नसतेच. बॅक हाताळताना इझटास्करूट (ही स्क्रीन टास्कच्या तळाला आहे का) खरं आलं तर यादी स्वतः उघडा.

कच्चा_कांदा:
रिक्वेस्ट कोड बदलला, ऑर्डर बरोबर उघडतेय. फॉर्म आहे, त्यामुळे दुसरी वाट घेतली. आता डिलिव्हरीचं नोटिफिकेशन अँड्रॉइड १२वर दाबून काहीच होत नाही, ११वर चालतं. तिथे मध्ये ब्रॉडकास्टरिसीव्हर (स्क्रीन नसलेला, संदेश पकडणारा घटक) आहे: तो 'वाचलं' अशी नोंद करतो, मग स्टार्टॲक्टिव्हिटी.

स्टॅकखालचा:
लॉगकॅटमध्ये (फोनच्या नोंदींत) 'ट्रॅम्पोलिन' शोधा, सापडेल. टार्गेट एपीआय ३१ (अँड्रॉइड १२) किंवा वर असलं की नोटिफिकेशनवरून सुरू झालेल्या रिसीव्हरला किंवा सर्व्हिसला ॲक्टिव्हिटी उघडू देत नाहीत. पेंडिंगइंटेंट थेट गेटॲक्टिव्हिटीने करा. 'वाचलं'ची नोंद ऑनक्रिएटमध्ये, तीही सेव्हडइन्स्टन्सस्टेट (स्क्रीनची आधी साठवलेली अवस्था) नल, म्हणजे रिकामी, असेल तेव्हाच. नाहीतर फोन आडवा केला की दुसऱ्यांदा नोंद. ऑनन्यूइंटेंटमध्येही तीच ओळ लागेल.

दुसरी_बाजू:
प्रत्येक बदलानंतर 'एडीबी शेल डम्पसिस ॲक्टिव्हिटी ॲक्टिव्हिटीज' ही आज्ञा फोन जोडलेल्या संगणकावर चालवून तुमच्या टास्कखालच्या 'हिस्ट #' ओळी बघा. सगळ्यात वरची ओळ म्हणजे समोरची स्क्रीन, #० म्हणजे तळ. तळाला तपशील दिसला आणि इझटास्करूटची तपासणी केली नसेल तर बॅकने ॲपबाहेर जाणारच.