सार्वमत जिंकलं म्हणजे वेगळं होता येतंच असं नाही

'बहुसंख्य लोकांनी मत दिलं की राज्याला वेगळं होऊ द्यावं, कोर्टकचेरी कशाला' असं अनेकदा म्हटलं जातं. हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण पटत नाही. अशा चर्चेत कॅनडाचा क्वेबेक प्रांत आणि ब्रिटनमधलं स्कॉटलंड यांची नावं येतात, पण वेगळं होण्याच्या सार्वमतात दोन्हीकडे 'नाही'ची सरशी झाली. 'हो' जिंकूनही काहीच घडलं नाही असं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातलं पश्चिम ऑस्ट्रेलिया हे राज्य. ८ एप्रिल १९३३ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ६६ टक्के मतदारांनी संघराज्य सोडायचा कौल दिला. तक्रार पैशाची होती. पूर्वेकडच्या कारखान्यांना जपण्यासाठी आयातीवर जकात, आणि महागड्या यंत्रांचा भुर्दंड गहू-लोकर निर्यात करणाऱ्या पश्चिमेच्या शेतकऱ्याला. मंदीत ते फारच झोंबलं.

गंमत पुढे आहे. त्याच दिवशी राज्याची निवडणूकही होती, आणि त्याच मतदारांनी फुटून निघायला अनुकूल असलेलं सरकार पाडून फुटण्याच्या विरोधात असलेल्या लेबर पक्षाला निवडून दिलं! मग लोकांना नक्की काय हवं होतं? मला तरी तो कौल वेगळं होण्यापेक्षा कॅनबेरातल्या केंद्र सरकारला दिलेला दम वाटतो. ऑस्ट्रेलियाची राज्यघटना ब्रिटिश संसदेच्या कायद्याने बनलेली, म्हणून राज्याचं शिष्टमंडळ वेगळं होण्याचा अर्ज घेऊन लंडनला गेलं, पण १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या संमतीशिवाय हा अर्ज दाखलच करून घेता येणार नाही. दरम्यान केंद्राने मागास राज्यांना अनुदान ठरवून देणारा आयोग १९३३ मध्येच नेमला होता, सोन्याचा भावही चढला, आणि मागणी हळूहळू विरली.