उभ्या गाडीची मजुरी कोण देतो? मालवाहतूक चालकांनी आपले अनुभव येथे लिहावेत

रंकाळाकाठ

गेल्या रविवारी माळा आवरताना 2013 सालची माझी हिशेबाची वही सापडली आणि दिवसभर दुसरे काही सुचले नाही. त्या काळात मी कोल्हापूरहून गूळ भरून अहमदाबादला जाणारी दहाचाकी चालवत होतो. वहीच्या प्रत्येक पानावर वर उचल, खाली डिझेल, टोल, वजनकाटा, वाराई (माल उतरवण्याची हमाली), पंक्चर आणि शेवटी मालकाला परत केलेली रक्कम असा हिशेब आहे. जानेवारीच्या एका पानावर मात्र चार तारखा एकाखाली एक लिहिल्या असून त्यांच्यापुढे 'खोटी' (गाडी नुसती उभी राहून वाया गेलेला दिवस) एवढाच शब्द आहे आणि रकमेची जागा कोरी आहे.

ते चार दिवस मला नीट आठवतात. आपल्याकडची संक्रांत म्हणजे तिकडचे उत्तरायण. त्या सणाला बाजार बंद, हमाल गावी गेलेले आणि माझी गाडी ताडपत्रीसकट गोदामासमोर उभी. मला खेपेला 3,500 रुपये आणि रोज 150 रुपये भत्ता मिळत असे, पण भत्ता फक्त गाडी चालू असलेल्या दिवसांचा, हा मालकाचा नियम होता. माल सोडून मी कुठे जाऊ शकत नव्हतो, रात्री ताडपत्रीखाली पाणी गेले किंवा एखादी ढेप कमी भरली तर तूट माझ्याच अंगावर येणार होती. म्हणजे त्या चार दिवसांत मी राखणदाराचे काम केले आणि त्याचा एक पैसाही मिळाला नाही. तेव्हा मला ते अन्यायाचे वाटलेही नव्हते, आणि आता वही पाहताना याच गोष्टीचे सर्वाधिक वाईट वाटते.

आपण स्वतः गाडी चालवत असाल, चालवली असेल किंवा घरात कोणी चालक असेल, तर पगार, भत्ता, खोटी, कपात याविषयी जे भोगले ते लिहावे. कंपनीचे किंवा मालकाचे नाव लिहू नये, ही विनंती.

चाळीसफुटी

मी नऊ वर्षांपासून उरण परिसरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. आमच्याकडे मजुरी फेरीवर आहे. महिन्यात वीस फेऱ्या झाल्या तर घर नीट चालते आणि बारा झाल्या तर उसनवारी करावी लागते. आता फेऱ्या किती होणार हे माझ्या हातात नसते, ते यार्डाच्या दाराबाहेरच्या रांगेवर ठरते.

मागच्या पावसाळ्यात एका यार्डाबाहेर मी अठरा तास रांगेत होतो. रस्त्याच्या एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला ट्रेलरची भिंत, आणि शौचालय जवळपास कुठेही नव्हते. खाली उतरून दूर जावे तर रांग पुढे सरकते, मागचा चालक गाडी पुढे घालतो आणि पुन्हा शेवटी उभे राहावे लागते. त्यामुळे आम्ही पाणी कमी पितो. माझ्या ओळखीच्या तिघांना मुतखड्याचा त्रास झाला आहे आणि डॉक्टरांनी तिघांनाही भरपूर पाणी पिण्यास सांगितले आहे.

गोदाकाठची

माझे पती पिंपळगाव बसवंतहून कांदा घेऊन देशभर जातात. मी स्वयंपाक उरकून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा ते कांदा खाली करून परतीच्या भाड्याची वाट पाहत एका परराज्यातल्या शहराबाहेर होते. ढाबे बंद झाले. मालकांचा फोन पहिल्या दोन दिवसांनंतर लागेना. अकरा दिवस ते आणि आणखी पाच-सहा चालक एका पेट्रोलपंपाच्या आवारात राहिले आणि जवळच्या गावातील लोकांनी त्यांना दोन वेळा पोळी-भाजी आणून दिली. त्या गावाचे उपकार आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. परत आल्यावर हिशेब झाला तेव्हा अकरा दिवसांचा भत्ता धरला नव्हता, कारण गाडी उभी होती. उलट त्यांनी जेवणासाठी उचलीतून खर्च केलेले 1,900 रुपये पुढच्या पगारातून कापण्यात आले.

रंकाळाकाठ दादा, तुमच्या वहीतला 'खोटी' हा शब्द वाचून मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "माझ्या वहीत तर पानेच्या पाने आहेत."

दिवाणजी

मी सव्वीस वर्षे एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आणि हिशेब लिहिले, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूची माहिती देतो.

मोठ्या कारखान्यांशी होणाऱ्या करारात गाडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबली तर दिवसाला अमुक रक्कम द्यावी, असे कलम बहुधा असते. बऱ्याच करारांत पहिले चोवीस तास मोफत धरतात. पण ती रक्कम कारखाना ट्रान्सपोर्ट कंपनीला देतो, ट्रान्सपोर्ट कंपनी गाडीमालकाला देईलच असे नाही, आणि मालकाकडून चालकापर्यंत आलेली मी माझ्या सगळ्या नोकरीत दोन-तीनदाच पाहिली. तीही चालकाने आवक-जावकेची वेळ लेखी दाखवली म्हणून.

मालकाची बाजूही नोंदवली पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ मालक एका-दोन गाड्यांचेच आहेत, त्यांच्या डोक्यावर हप्ता असतो आणि भाड्याचे बिल दोन-तीन महिन्यांनी निघते. त्यांनाही खोटी परवडत नाही. फरक इतकाच की मालकाचे नुकसान निदान कोणत्यातरी वहीत लिहिले जाते, चालकाचे लिहिलेच जात नाही.

बाराचाकी

दिवाणजी काका, कायद्याने आम्हाला कामाचे तास ठरलेले आहेत की नाहीत? मी बारा वर्षांत तीन मालकांकडे काम केले, एकानेही नेमणूकपत्र दिले नाही.

दिवाणजी

तास फार पूर्वीच ठरले होते. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहिले होते, लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा आणि चोपन्न. पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट मोबदला हेही त्यात होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, त्यामुळे एका-दोन गाड्यांच्या मालकाकडचा चालक त्यातून आपोआप सुटला. जिथे तो लागू होता तिथेही रांगेत गेलेला वेळ काम म्हणून कोणी नोंदवल्याचे मला आठवत नाही.

माथाडींशी तुलना करून पाहा. 1969 च्या कायद्याने हमालांसाठी मंडळे झाली, मजुरीवर लेव्ही (मालकांनी मजुरीशिवाय भरायची जादा रक्कम) बसली, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. हमालाने मिळवले ते त्याचे हक्काचेच आहे. तोच माल हजार किलोमीटर आणणाऱ्या चालकाला मात्र असे कोणतेही मंडळ नाही.

बाराचाकी

माहितीबद्दल आभारी आहे. हमालांचा विषय निघाला म्हणून वाराईबद्दल लिहितो. माल व्यापाऱ्याचा, गोदाम व्यापाऱ्याचे आणि उतरवण्याची वाराई चालकाने उचलीतून द्यायची, हा प्रकार मला कधीच समजला नाही. "ज्याचा माल, त्याचा हमाल" ही घोषणा वाहतूकदारांच्या मोर्चांत मी स्वतः दिलेली आहे, पण गोदामाच्या दारात एकटा चालक ती कोणाला ऐकवणार? पावती मिळत नाही आणि पावतीशिवाय मालक ती रक्कम मानत नाही. गेल्या वर्षी अशा प्रकारे माझ्या खिशातून आठ-नऊ हजार रुपये गेले असावेत.

दुसरा विषय झोपेचा. पूर्वी गाडीवर किन्नर, म्हणजे चालकाचा मदतनीस, असे. मी स्वतः किन्नर म्हणूनच या धंद्यात आलो, चार वर्षे ताडपत्री बांधली, रस्से ओढले आणि उस्तादांच्या शेजारी बसून घाट शिकलो. आता खर्च वाचवण्यासाठी बहुतेक मालकांनी किन्नर बंद केला आहे. मी रात्री एकटा उभा असतो तेव्हा डिझेलच्या टाकीला पाइप लावणारे कधी येतील याचा नेम नसतो, म्हणून डोळा लागला तरी अर्धा कान बाहेरच असतो. अशा दोन रात्रींनंतर गाडी भरून मिळते आणि ऑफिसातून फोन येतो की माल सकाळी आठला पोहोचलाच पाहिजे. थांबण्यात गेलेले त्यांचे तास आम्ही आमच्या झोपेतून भरून काढतो. खंबाटकीच्या उतारावर एकदा माझे डोळे मिटले होते. बाजूच्या गाडीने हॉर्न दिला म्हणून आज हे लिहीत आहे.

चाळीसफुटी

बाराचाकी भाऊ, कृपा करून झोप येऊ लागली की गाडी बाजूला घ्या. फोन येऊ द्यात.

झुआरीकाठ

मी गोव्यातील सांगे तालुक्याचा आहे आणि 2012 पर्यंत खनिजाचा टिपर चालवत होतो. आमची मजुरी खेपेवर होती: खाणीवरून माल भरायचा, धक्क्यावर बार्जसाठी ओतायचा आणि रिकामे परत यायचे. जितक्या खेपा तितके पैसे. वाचायला हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात भरण्याच्या रांगेत तास गेला की तो तास रस्त्यावर वेगाने भरून काढावा लागे. अरुंद रस्ते, शाळेची मुले, लाल धूळ, आणि आम्ही एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी धावत असू. लोक आमच्यावर चिडत, त्यांचा राग योग्यच होता. पण आम्हाला ताशी मजुरी असती तर त्या वेगाची गरजच पडली नसती, असे मला आजही मनापासून वाटते.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि एका आठवड्यात टिपर घरासमोर उभे राहिले. माझ्याकडे मी चालक होतो हे सिद्ध करणारा एकही कागद नव्हता, कारण मजुरी रोज संध्याकाळी रोख मिळे. मालकाकडे निदान गाडीची कागदपत्रे होती. मी कोणत्या टेबलावर काय दाखवणार?

बाराचाकी

नेमणूकपत्राविषयी मी विचारले होते ते याच कारणाने.

ऱ्हाईनकाठी

मी मूळचा नाशिकचा. सध्या जर्मनीत एका गोदामात गाड्यांची आवक पाहतो. येथे अवजड ट्रकमध्ये टॅकोग्राफ (गाडी चालवल्याचे आणि थांबल्याचे तास नोंदवणारे यंत्र) असतो; साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटे विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा, यापेक्षा जास्त चालवता येत नाही. थांबलेला वेळही यंत्रात वेगळा नोंदवला जातो. येथे सर्व आलबेल आहे असे नव्हे. रात्री महामार्गावर थांबायला जागा मिळत नाही म्हणून पूर्व युरोपातील चालक आमच्या दारात गाडी लावू देण्याची विनंती करतात. पण तास यंत्रात राहिला की त्यावर भांडता येते.

रंकाळाकाठ

रांगांविषयी एक भर घालतो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकातही त्याच दिवशी गेली आणि करांसाठीच्या नाक्यांवर उभे राहण्याचे दिवस सरले, ही मोठी सोय झाली हे मान्य केले पाहिजे. पुढे फास्टॅगमुळे टोलवरचा वेळही कमी झाला. माझ्या अनुभवात मात्र त्यानंतर खोटी संपली नाही, ती कारखान्याच्या आणि गोदामाच्या दारात जाऊन बसली. नाक्यावरच्या रांगेची निदान वर्तमानपत्रात बातमी तरी होत असे.

चाळीसफुटी

ई-वे बिलाचे, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचे, सांगायचे राहिले. साधारण दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. कारखान्याच्या दारात दीड दिवस उभा असताना माझ्या बिलाची मुदत संपली. मुदत संपण्याच्या आधीचे आठ आणि नंतरचे आठ तास ती वाढवता येते, पण ऑफिस रविवारी बंद होते आणि मी रात्रभर दंडाच्या भीतीने जागा होतो. सोमवारी सकाळी त्यांनी वाढवून दिले. चूक कोणाची होती हे कोणी विचारलेही नाही.

आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. मे महिन्यात आमच्या केबिनमध्ये हात ठेवता येत नाही. परंतु गाडी रांगेत उभी असताना एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवावे लागते, इंजिन चालू ठेवले की डिझेलचे अ‍ॅव्हरेज पडते, आणि अ‍ॅव्हरेज पडले की कपात चालकाची. उभ्या वेळेचे डिझेल वेगळे धरले नाही तर आम्ही उकाड्यातच बसणार.

गोदाकाठची

आमच्याकडे अ‍ॅव्हरेजची कपात मागच्या महिन्यात 2,300 रुपये झाली. त्या महिन्यात ते दोनदा घाटात कोंडीत अडकले होते.

दिवाणजी काका, तुम्ही लिहिले की ज्याने वेळ लेखी दाखवली त्याला खोटीचे पैसे मिळाले. यांनी नेमके काय लिहून घ्यायचे? सध्या गाडी एका गोदामाबाहेर उभी आहे, काल दुपारी चार वाजल्यापासून.

दिवाणजी

ताई, त्यांना पुढीलप्रमाणे करण्यास सांगावे. दारावर सुरक्षारक्षकाच्या वहीत गाडीची नोंद होते, त्या पानाचा वेळेसह फोटो घ्यावा. फोटो घेऊ देत नसतील तर गेटपासचा घ्यावा, त्यावर आत येण्याची वेळ असते, पण आत घेईपर्यंतची रांग त्यात दिसत नाही. म्हणून रांगेत लागल्याबरोबर मालकाला 'गाडी पोहोचली' असा संदेश पाठवावा, फोन करू नये, कारण संदेशावर वेळ उमटते. माल उतरल्यावर पोचपावतीवर सही-शिक्का घेताना त्याच पानावर आवक आणि जावक वेळ लिहून त्याखालीही सही मागावी. नाकारली तरी आपल्या हाताने वेळ लिहून त्या पानाचा फोटो ठेवावा आणि मूळ पोच मालकाकडे देण्यापूर्वी त्याची प्रत काढावी.

गोदाकाठची

त्यांना जसेच्या तसे पाठवले आहे. संदेश आजच पाठवला, कालची वेळ मात्र गेली. पोच हातात आली की येथे कळवते.