दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक: जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

धरमपेठची आई: सुट्टीत पोरांना घेऊन दिल्लीला जाऊन रायलो. इंडिया गेटजवळचं युद्ध स्मारक पाहायचंच आहे, पण नुसते फोटो काढून यायचं नाही. आपल्या नागपूरकडचे जे गेलेत त्यांनी सांगा ना, काय पाहिलं, काय समजलं?

कामठीवाला: ताई, बाहेरून आत चालत जा, घाई करू नका. एकात एक चार चक्रं आहेत, चक्रव्यूहासारखी. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांच्या रांगा, सीमेवर उभे जवान समजा. मग त्याग चक्र, मग वीरता चक्र आणि मधात अमर चक्र, तिथे स्तंभ आणि ज्योत. वीरता चक्रात ब्राँझची सहा भित्तिशिल्पं आहेत, आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांनी केलेली. त्यातलं गंगासागरच्या लढाईचं पोरांना दाखवाच. 1971 मध्ये तिथे लान्स नायक अल्बर्ट एक्का लढता लढता गेले, 14 गार्ड्स या पायदळ पलटणीचे, परमवीर चक्र मिळालं त्यांना. आणि गार्ड्सचं सेंटर आपल्या कामठीत! रोज त्या गेटवरून जातो मी, पण ते शिल्प पाहिल्यापासून तिथून जाताना एक्का आठवतात.

अजनीची सून: मी त्याग चक्रातच अडकले. ग्रॅनाइटच्या विटा, एकेका विटेवर एकेक नाव, रँक, युनिट, अशी पंचवीस हजारांवर नावं. सासूबाईंचा चुलतभाऊ 65 च्या लढाईत गेला, त्याची वीट सापडली तर त्या काही बोलल्याच नाहीत, पदराच्या टोकानं अक्षरांवरची धूळ पुसत राहिल्या, एकदा पुसली, मग परत पुसली.

महालकर: 2022 च्या जानेवारीत इंडिया गेटची अमर जवान ज्योत इथल्या ज्योतीत मिळवली, तेव्हा मला लई वाईट वाटलं होतं, 1971 च्या युद्धातल्या शहीदांसाठी 1972 पासून तेवणारी ज्योत ती. पण इंडिया गेटवर नावं आहेत ती पहिलं महायुद्ध आणि अफगाण युद्धातल्या सैनिकांची, आणि स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांची नावं इथे. ज्यांच्यासाठी ज्योत, ती त्यांच्या नावांजवळच पाहिजे, असं आता माझं ठाम मत आहे. संध्याकाळी जा, तेव्हा एखाद्या शहीदाच्या घरचे येऊन पुष्पचक्र वाहतात. आणि परम योद्धा स्थळावर, म्हणजे परमवीर चक्रवाल्यांचे पुतळे आहेत तिथे, रामा राघोबा राणे यांचा पुतळा चुकवू नका, 1948 मध्ये नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली त्यांनी.