मदत हवी आहे: वडिलांच्या आवाजाची बुरशी लागलेली कॅसेट कशी उघडावी?

नमस्कार मंडळी. वडील आता नाहीत. त्यांचा आवाज एका सी-६० कॅसेटवर उरला आहे, दुसरी प्रत नाही. त्यात ते पाढे चुकले म्हणून दादावर कडाडतात आणि थोड्या वेळाने तोच आवाज हळू होऊन विचारतो, "जेवलास का रे?" दोन्ही जसंच्या तसं हवं आहे, म्हणून ओरडण्याचा भाग कापायला कृपया सुचवू नका.

टेपमागचा प्रेशर पॅड, म्हणजे टेपला मागून दाबून धरणारी छोटी गादी, गळून पडलाय. त्यामुळे टेप प्लेयरच्या हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही, आवाज दबका येतो. 'स', 'श' तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. शिवाय रिळाच्या कडेला पांढरी बुरशी आहे.

प्लेयरचं हेड आणि पिंच रोलर (टेप पुढे सरकवणारं रबरी चाक) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले आहेत, दुसरी कॅसेट स्वच्छ वाजते. ही मात्र दोनच मिनिटं वाजवली. हेडवर पांढरी भुकटी दिसताच थांबवली.

कवच स्क्रूचं नाही, चिकटवलेलं आहे. पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट आणून ठेवली आहे. रिळं तिच्यात बसवून ऑडॅसिटी या संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची वेव्ह फाइल करायची आहे. आवाजातली खरखर राहिली तरी चालेल, त्यांचा श्वास पुसला जाऊ नये. कॅसेट कुरिअरने कुठे पाठवायची नाही.

तर, सांध्यात ब्लेड नेमकं कुठून घालावं म्हणजे टेप चिरणार नाही? आणि बुरशी मऊ कोरड्या ब्रशने आधीच काढावी, की नव्या कवचात बसवून टेप हाताने फिरवताना?